आंबवणे आणि गाळणे

चैत्र-वैशाखात माण-खटावच्या किंवा जत-आटपाडीच्या माळावर ऊन तापू लागले, की अनेक घरांतून आंबील शिजू लागते. ज्वारीचे वा नाचणीचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवावे, सकाळी त्याला आंबूस वास सुटला की शिजवावे आणि निवल्यावर मीठ-कांदा घालून तांब्याने प्यावे, अशी ही साधी रीत. रेणुका-यल्लमाच्या नैवेद्यात आंबिलीला मान आहे. कोल्हापुरात तर रेणुकेच्या एका यात्रेचे नावच आंबील यात्रा आहे. याच मुलखातल्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर अधूनमधून आणखी एक बातमी येते. ओढ्याकाठी छापा पडला, इतके लिटर कच्चे रसायन जागीच नष्ट केले, पत्र्याची पिंपे फोडली. बातमीतले हे रसायन म्हणजे गूळ, पाणी आणि नवसागर यांचे आंबलेले मिश्रण. त्यापासून हातभट्टीची दारू गाळायची असते.

आंबिलीचे मडके आणि रसायनाचे पिंप यांच्यामध्ये तिसरे एक भांडे असू शकते, आणि त्याविषयी महाराष्ट्रात कोणी बोलत नाही. मोड आणलेले धान्य गरम पाण्यात भिजवून त्याचा गोड रस काढावा, तो उकळावा, निववावा, यीस्टने आंबवावा आणि न गाळता तसाच प्यावा. शंभर भागांत तीन-साडेतीन भाग मद्यार्क असलेले हे पेय म्हणजे हलकी, सौम्य घरगुती बिअर. इंग्रज तिला एल म्हणतात. इंग्लंडमध्ये, अमेरिकेत, जर्मनीत गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात ती उजळ माथ्याने करतो. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या शिक्षकाने तीच केली, तर त्याची गणना ओढ्याकाठच्या पिंपवाल्यात होते. ही गणना योग्य आहे काय, हा प्रश्न वरवर चैनीचा वाटतो, पण तो तसा नाही. दारूविषयीचे राज्याचे धोरण नेमके कशाला भिते आणि कशाला भीत नाही, हे या एका प्रश्नातून स्वच्छ दिसते.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो आला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बहुतेक भाग उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांच्यावरील बंदी रद्द केली. साठीच्या दशकात बंदी शिथिल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि दुकाने उघडली. अधिनियमाच्या नावातून कालांतराने मुंबई जाऊन महाराष्ट्र आला. दारूबंदी हा शब्द तेवढा जागेवर राहिला. त्याचा सांगाडाही जुनाच आहे. सर्व काही निषिद्ध, आणि सरकार परवाना देईल तेवढे क्षम्य. मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव येतो. शब्दाला शब्द धरून वाचले, तर उन्हाळ्यात जरा जास्त आंबलेल्या मडक्यानेही वकील पाहून ठेवावा.

या व्याख्येत एक मूलभूत भेद पुसला गेला आहे. आंबवणे ही निसर्गाची क्रिया आहे. यीस्ट साखर खातो आणि मद्यार्क व कर्बवायू सोडतो. मद्यार्क वाढत गेला की तोच यीस्टला मारक ठरतो, म्हणून आंबवलेल्या पेयाच्या तीव्रतेला स्वाभाविक मर्यादा असते. धान्याच्या पेयात साखरच कमी ठेवली, तर ती मर्यादा आणखी खाली येते. गाळणे ही मात्र माणसाची युक्ती आहे. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. वाफ धरून थंड केली की पाणी मागे राहते आणि तीव्र द्रव पुढे येतो. हातभट्टीचा सारा धोका या नळीनंतर सुरू होतो. विषारी दारूची मोठी कांडे तर त्याच्याही पुढची आहेत. मुंबईत विक्रोळीला २००४ साली आणि मालवणीला २०१५ साली माणसे मेली ती उद्योगधंद्यात वापरले जाणारे मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. मालवणीत मृतांची संख्या शंभरावर गेली. घरी आंबवलेल्या धान्याच्या रसात मिथेनॉल नगण्य असते. कायद्याने ही दोन कामे एकाच कलमात बांधली, आणि त्यामुळे गाळणाऱ्याला आंबवणाऱ्याच्या आड लपायला जागा मिळाली नाही हे खरे. परंतु ज्याला सौम्यच प्यायचे आहे त्याला सौम्यतेचे काही बक्षीसही उरले नाही.

जुन्या भारतीय राज्यशास्त्राला हा भेद ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते काही सैल नाही. दारू कोणी करावी, कोठे विकावी, किती द्यावी, गुत्त्यात हेर कसे ठेवावे, सारे त्यात आहे. तरीही त्यात कुटुंबवाल्या गृहस्थाला घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक दिली आहे, आणि उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलत आहे. महसुलावर बारीक नजर ठेवणाऱ्या त्या ग्रंथकाराला घरच्या मडक्याची भीती वाटली नाही. अरिष्टाची परंपरा तर आजही जिवंत आहे. द्राक्षासव किंवा दशमूलारिष्ट ही आंबवलेलीच औषधे आहेत. त्यांच्या वेष्टनावर स्वयंजनित अल्कोहोलचा आकडा छापलेला असतो, आणि तो पुष्कळदा बाजारातल्या सौम्य बिअरपेक्षा मोठा असतो. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देणाऱ्या आजीबाईंना कोणी मद्याच्या व्याख्येत बसवीत नाही, हे योग्यच आहे.

आता त्या तिसऱ्या भांड्याकडे वळावे. इंग्रजीत अशा एका जातीच्या बिअरला माइल्ड म्हणतात. या शब्दाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. मुळात माइल्ड म्हणजे कमी कडक नव्हे. माइल्ड म्हणजे ताजी, पिंपात महिनोन्महिने मुरून आंबट न झालेली. एकोणिसाव्या शतकातली माइल्ड चांगली तीव्र असे. पहिल्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ब्रिटिश सरकारने बिअरची तीव्रता उतरवायला लावली, कर वाढवले, आणि ताजेपणाचा वाचक असलेला तो शब्द हळूहळू सौम्यतेचा वाचक झाला. तीन-साडेतीन टक्क्यांची ही माइल्ड पुढे कित्येक वर्षे गिरणी-खाणीतल्या इंग्रज कामगाराचे रोजचे पेय होती. पाळी संपल्यावर दोन-तीन प्याले घेऊनही तो आपल्या पायांनी घरी जाई.

ती करण्याची कृती कोणत्याही शेतकरी घराला परकी वाटू नये. धान्याला मोड आणून ते वाळवले की त्याचे माल्ट होते. मोड येताना धान्यात पिठाची साखर करणारी पाचकद्रव्ये तयार होतात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या गृहिणीला हे वेगळ्या शब्दांत माहीत असते. भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले, की पिठूळ पाणी गोड होते. हा रस फडक्यातून काढून हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून तासभर उकळायचा. ही फुले कडवटपणा देतात आणि रस नासू देत नाहीत. आपल्याकडे ती हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात पिकतात. मग रस झटपट निववून यीस्ट सोडायचा. वीस लिटर हलक्या पेयाला सव्वातीन किलोच्या आसपास माल्ट पुरते. रोज लोणच्याच्या बरणीची स्वच्छता सांभाळणाऱ्या घराला यातली एकच गोष्ट नव्याने शिकावी लागेल, ती म्हणजे तापमान मोजणे.

ज्याला बाजारातली गार, पिवळी, फेसाळ बिअरच ठाऊक आहे, त्याला पहिल्याच दिवशी काळपट, कडू, दाट पेय दिले तर तो तोंड वाकडे करील. म्हणून परदेशातील अनुभवी हौशी मंडळी पाहुण्यासाठी हलकी एल करतात. तिचा रंग फिका ठेवतात, हॉप्स बेताने घालतात आणि माल्टचा चौथा हिस्सा काढून त्या जागी मका किंवा तांदूळ घालतात, म्हणजे पेय जिभेला पातळ आणि स्वच्छ लागते. या जागी सातारा-सांगलीच्या पूर्वभागातली शाळू ज्वारी बसते. मात्र ज्वारीच्या दोन अटी आहेत. तिचे पीठ बार्लीच्या पिठापेक्षा जास्त उष्णतेला फुलते, म्हणून ती आधी वेगळी शिजवून मग माल्टमध्ये मिसळावी लागते. दुसरी अट अधिक गंभीर आहे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किरळ लागते ती याचमुळे. ज्वारीचेच माल्ट करायचे, तर मोडाचे कोंब आणि मुळ्या वाळवून, चोळून पूर्ण काढून टाकाव्या लागतात. न मोडवलेली ज्वारी शिजवून घातली, तर हा प्रश्न येत नाही.

हवामानाची अडचण याहून मोठी आहे. एलच्या यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. साताऱ्यात हिवाळ्याच्या रात्री हे जमते, महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला बराच काळ जमते. सांगलीच्या एप्रिलात पारा चाळिशीला टेकला, की यीस्ट पिसाळतो आणि पेयाला उग्र, डोकेदुखीचा वास येतो. त्यावर माठाला ओले पोते गुंडाळण्याची जुनी युक्ती चार-पाच अंश उतरवू शकते, याहून जास्त नाही. तेव्हा हे मुख्यतः दिवाळी ते होळी या हंगामातले काम. ज्वारीही याच काळात शेतात उभी असते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. परमिट रूममध्ये मागेल तेव्हा बाटली मिळते. पण ती कोणती मिळते? महाराष्ट्राच्या नियमांत पाच टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे आठ टक्क्यांपर्यंतची तीव्र मानली जाते, आणि देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा हिस्सा तीव्र जातीचा आहे. ग्राहकाचे गणित साधे असते. ६५० मिलिलिटरच्या आठ टक्के बाटलीत ५२ मिलिलिटर मद्यार्क असतो, साडेतीन टक्क्यांच्या बाटलीत जेमतेम २३. व्हिस्की-रमच्या वेष्टनावर ४२.८ टक्के छापलेले असते, म्हणजे १८० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत ७७. पैशाला नशा किती, हाच हिशेब उरला, तर सौम्य पेय प्रत्येक वेळी हरणार. पिणारा वाईट म्हणून तीव्र मागतो असे नव्हे. लपूनछपून, घाईने, खिशातल्या नोटेकडे पाहत प्यायची सवय ज्या व्यवस्थेने लावली, तिच्यात सौम्यतेला गिऱ्हाईक कोठून येणार? पुण्यात २००९ पासून मायक्रोब्रुअरी आल्या आणि ताजी, हलकी एल मिळू लागली. पण तिची किंमत कारकुनाच्या नव्हे, संगणक कंपनीतल्या पगाराला परवडणारी आहे.

इतर देशांनी हा प्रश्न फार गाजावाजा न करता सोडवला. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टनने १८८० साली माल्टवरचा कर काढला आणि घरगुती बिअरला परवाना लावला. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो परवानाही काढून टाकला. अट एकच राहिली, विकायची नाही. अमेरिकेची कथा अधिक बोलकी आहे. तेथे १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षे देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करण्याची मुभा मिळाली आणि बिअर मात्र राहून गेली. ही चूक दुरुस्त व्हायला १९७८ साल उजाडले. अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन आणि एका घराला जास्तीत जास्त दोनशे गॅलन बिअर स्वतःपुरती करता येऊ लागली. अलाबामा आणि मिसिसिपी ही अखेरची दोन राज्ये तर २०१३ साली वळली. त्या कायद्याने घरी दारू गाळण्याला मात्र हात लावला नाही. आंबवणे आणि गाळणे यांच्यात रेघ ओढता येते आणि ती पाळताही येते, एवढे यावरून दिसते.

महाराष्ट्र सरकारने रेघ ओढली ती भलत्याच जागी. २००१ साली द्राक्ष-प्रक्रियेचे धोरण आले आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला तसे सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. तासगाव-पलूसच्या बागायतदाराचा माल खपावा, हा हेतू वाईट नव्हता. २००७ च्या धोरणाने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केले. शेतकऱ्याच्या ज्वारीला भाव मिळेल, असे तेव्हा सांगण्यात आले, आणि डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचे शुल्क वाढवतानाच ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग निर्माण केला. म्हणजे जतच्या शेतकऱ्याची ज्वारी कारखान्याच्या बॉयलरमधून ४२.८ टक्क्यांची होऊन बाहेर पडली, तर तो उद्योग. आणि त्याच शेतकऱ्याच्या ओसरीवर ती तीन टक्क्यांची झाली, तर तो अपराध. तिजोरीच्या बाजूने पाहिले तर यात विसंगती काहीच नाही. घरच्या मडक्यावर शुल्क वसूल होत नाही.

असे असले तरी सातारा-सांगलीत हा विषय काढणाऱ्याने स्त्रियांच्या डोळ्याला डोळा भिडवूनच तो काढला पाहिजे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था उभी केली ती उगाच नव्हे. दारूने मोडलेल्या संसारांची या दोन जिल्ह्यांना चांगली ओळख आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे की मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः निर्धोक नाही. मग साडेतीन टक्के तरी निर्धोक कशी म्हणावी? ती कमी धोक्याची आहे, एवढेच म्हणता येते. आणि घरातच भांडे ठेवायचे, तर ते धुणार कोण, लेकरांपासून राखणार कोण, आणि दोन प्याल्यांनी समाधान न झालेला नवरा पुढे कोठे जाणार? गुत्ता गावाबाहेर असावा म्हणून जिने मोर्चा काढला, तिला तो माजघरात आणण्याची कल्पना पटणार नाही, आणि तिला अडाणी म्हणून भागणार नाही.

या बाजूचा एक परदेशी दाखला मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर करणे हे बायकांचे काम होते. ती दाटसर, आंबूस आणि सौम्य असे. विसाव्या शतकाच्या आरंभी डर्बन नगरपालिकेने ज्वारीच्या बिअरचा मक्ता स्वतःकडे घेतला, घरी ती करणे गुन्हा ठरवले आणि सरकारी बिअरगृहे उघडली. पुरुषांचा पगार तेथे जाऊ लागला. १९५९ साली कॅटो मॅनॉर वस्तीतल्या बायकांनी त्या बिअरगृहांवर चाल केली. त्यांचा रोष पेयावर नव्हता. पेय घरातून उचलून गल्ल्यामागे नेणाऱ्यांवर होता. आपल्याकडची स्त्री आडव्या बाटलीला मत देते आणि तिथली घरच्या मडक्यासाठी लढली, तरी दोघींची तक्रार बरीचशी एकच आहे. दुकान कोठे उघडावे हे ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून मुभा द्यायचीच, तर ती सरसकट नको. गाळण्याचे साधन सापडले तर आजचीच शिक्षा राहावी. विक्री मुळीच नको, एका पैशाचीही नाही. तीव्रतेची मर्यादा साडेतीन टक्के असावी. ती तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही, कारण गावच्या दूधसंकलन केंद्रात लॅक्टोमीटर असतो आणि बिअरचा घनतामापी त्याचाच भाऊ आहे. आंबवण्यापूर्वी रसाची घनता १.०३६ च्या पुढे नसेल, तर त्यातून साडेतीन टक्क्यांच्या फार पलीकडचे काही निघू शकत नाही. दूध पाहणाऱ्या पोरालाही हे दोन मिनिटांत वाचता येईल.

उरतो तो संमतीचा प्रश्न. २००८ च्या आदेशानुसार गावातील दारूचे दुकान बंद करायचे असेल, तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज करावा लागतो आणि मग मतदान होऊन निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. हे निम्मेही झालेल्या मतदानाचे नव्हे, यादीवरील एकूण नावांचे. लग्न होऊन गेलेल्या, कामासाठी मुंबईला असलेल्या, वारलेल्याही स्त्रियांची नावे यादीत असतात, आणि घरी न आलेले प्रत्येक मत दुकानाच्या बाजूने धरल्यासारखे होते. घरगुती भांड्यासाठी हाच नियम उलटा लावावा. ज्या गावाच्या यादीतील निम्म्याहून अधिक स्त्रिया होय म्हणतील, त्याच गावात सौम्य बिअरची मुभा असावी. न आलेले मत नकाराचे धरावे.